सीट कुणाच्या साक्षीवर मिळाली, अक्का?

अक्का, तू गेल्याला अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलेय. रडून झालं, दिवसकार्य झालं, दुबलगुंडी गावचे भाऊबंद आपापल्या घरी गेले, आईनं तुझी खोली झाडून घेतली. मग मला आठवलं की आपला वाद तसाच राहिला. ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासायच्या शिक्षणाची, ही सीट मला माझ्या उत्तरांवर मिळाली की तुझ्या साक्षीवर, हा तो वाद. दर सुट्टीत मी तो काढायची आणि हरायला आलीस की तू "कोर्ट उठलं" म्हणून आत निघून जायचीस. या दिवाळीला तुला सोडायचं नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं.

बसायला आलेले लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलले. मामा, म्हणजे तुझे यजमान, गेल्यावर एकटीनं कलबुर्गीत राहून कोर्टात भाषांतरकाराची नोकरी केली, मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा पाण्यासारख्या बोलायची, कुणापुढं मान खाली घातली नाही. सगळं खरं. पण तू किती हट्टी होतीस हे कुणी म्हणालं नाही. आईचा डोळा चुकवून चहात वरची साखर घालायचीस, हेही नाही. आणि अख्ख्या घराला तू वर्षभर फसवलंस, हे तर त्यातल्या कुणाला माहीतच नव्हतं. एकाच बाजूचे साक्षीदार तपासून निकाल दिलेला तुला कधी आवडायचा नाही. म्हणून दुसरी बाजू मी मांडते.

तू अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. पण अप्पा अक्का म्हणायचे म्हणून आईची, माझी आणि आमच्या सगळ्या गल्लीची तू अक्काच झालीस. निवृत्त होऊन तू हुमनाबादला आमच्याकडं राहायला आलीस तेव्हा मी शाळेत होते. तुझं फसवणं उघडं पडलं ते माझ्या पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेनंतर. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीटची परीक्षाही देऊन झाली होती आणि डॉक्टरकीपुरते मार्क पडणार नाहीत, हे मला निकालाआधीच कळून चुकलं होतं. मी घरात तोंड लपवून फिरत होते. एके सकाळी तू म्हणालीस, "चल गं रेणू, कलबुर्गीला जाऊ. माजा चष्म्याचा नंबर वाढलाय. तुजंबी तोंड जरा घराबाहेर निघंल."

तुझं ठरलेलं चष्म्याचं दुकान बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं. म्हणून आपण जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथं तुला तपासायला एक तरुण मुलगी बसली होती. मला वाटलं डॉक्टर असेल. तिनं तुझा नंबर काढला आणि तेवढ्यावर न थांबता ती कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, माझ्या नाकाकडं बघत राहा. आता बाजूला माझी किती बोटं दिसतात सांगा."

"दोन," तू म्हणालीस.

तिची मूठ बंद होती. मी शेजारी उभी होते, मला दिसत होतं.

तिनं हात खाली नेला. तू तितक्याच ठामपणे म्हणालीस, "तीन." तोही अंदाजच होता. तिनं तुला खोटं पाडलं नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. "बरं अम्मा," म्हणाली आणि डोळ्यातला दाब मोजायच्या मशिनपाशी तुला बसवलं. हवेचा झोत आला तशी तू दचकलीस. "फुंकर कामून मारायलीस गं? मी काय चूल हाय?" तुझी मराठी तिला कळली की नाही कोण जाणे, पण ती हसली. मग तुझा हात धरून ती म्हणाली की नंबर फारसा बदललेला नाही, दाब मात्र बराच आहे, वर डॉक्टर बसलेत, त्यांना आजच दाखवा. "मी चष्म्याला आलेय," तू म्हणालीस. "चष्मा देते अम्मा, आधी वर जाऊन या," असं म्हणत तिनं तुला स्वतः जिन्यावरून नेलं. तुझा पाय पायरीच्या कडेवरून घसरायचा, हे माझ्या त्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं. तिच्या ते आधीच लक्षात आलं होतं.

काचबिंदू निघाला. गेलं ते दिसणं परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलंय ते राखता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी तुला विचारलं, "तुला कळत हुतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"दारं अंगावर यायलती तवापासून."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी मला बाजारात एकटीला जाऊ दिलं असतं व्हय?"

कमलापूर मागं पडल्यावर तू आपणहून बोललीस. "जन्मभर खोटं बोलणारे बघितले मी कोर्टात. वकील त्यांना धरायचे, फाडून काढायचे. मला त्या पोरीनं दोन मिनटात धरलं, पन किती मायेनं धरलं गं." आणि खिडकीकडं तोंड फिरवून बसलीस.

त्या मुलीच्या टेबलावरची पाटी मी वाचून ठेवली होती. ऑप्टोमेट्रिस्ट. घरी आल्यावर मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की त्याचं चार वर्षांचं वेगळं शिक्षण असतं, हैदराबादला एक चांगली संस्था आहे आणि तिथं मुलाखत घेऊन प्रवेश देतात. मी अप्पांना सांगितलं. अप्पांचं बी-बियाण्याचं दुकान, त्यांचा माझ्यावर जीव, आणि पोरगी डॉक्टर होणार हे त्यांनी गिऱ्हाइकांना सांगून ठेवलेलं. ते म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात बसायला चार वर्षं शिकायचं?"

मला वाटलं, आता अक्का माझी बाजू घेईल. कलबुर्गीत काय घडलं ते तूच तर बघितलं होतंस. पण तू अप्पांना म्हणालीस, "हिला आत्ता माजी कीव आलीय. कीव चार वर्षं टिकत न्हाई. अर्ज करू दे. मुलाखत आदी मी घेते. माज्याकडं टिकली तर पाठव, न्हाई तर नको."

तेव्हा मला तुझा राग आला होता. आता वाटतं, माझ्या आयुष्यात माझ्या म्हणण्याला कुणी एवढं गंभीरपणे घेतलं नव्हतं.

त्यानंतर मुलाखतीच्या दिवसापर्यंत आपली पुढची खोली म्हणजे कोर्ट झालं. सकाळचा चहा झाला की तू प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसायचीस आणि मला बाहेर जाऊन दार वाजवून आत यायला लावायचीस. मी नीट उभी राहिले नाही तर पुन्हा बाहेर. तुझं इंग्रजी कोर्टातलं. "स्टेट युवर नेम अँड प्लेस ऑफ रेसिडन्स," असं तू म्हणालीस की स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मी मोबाइलवरून पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं. मला मानवजातीच्या सेवेची लहानपणापासून तळमळ आहे वगैरे. तू शांतपणे सगळं ऐकून घेतलंस.

"ह्ये कुणी लिवलं?"

"मोबाइलवर हुतं."

"मग मोबाइललाच पाठव मुलाखतीला. तू कशाला जायलीस?"

विचारलं तेवढंच सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, आणि ऐकीव सांगायचं नाही, जे स्वतः बघितलं तेवढंच. कोर्टातल्या साक्षीदाराला जे सांगतात तेच तू मला सांगत होतीस. मी एखाद्या प्रश्नाला घोळवत राहिले की तू हात वर करायचीस. "साकु, साकु." पुरे म्हणायला तुला कन्नडच लागायचं.

प्रकाशाचा धडा तू माझ्याकडून उलटासुलटा करून घेतलास. जवळचं दिसतं आणि लांबचं दिसत नाही, त्याला भिंग कुठलं? अंतर्गोल. कामून? प्रतिमा पडद्याच्या अलीकडंच तयार होते म्हणून. मग अंतर्गोल भिंग काय करतंय? इथपर्यंत मी यायची. मग तू म्हणायचीस, "आता ह्येच अप्पाला सांग." अप्पांना मराठीत सांगायचं, दारावर येणाऱ्या भाजीवालीला कन्नडमध्ये आणि समोरच्या घरातल्या खालाला दखनीत. खालानं सगळं ऐकून मला विचारलं होतं, "डॉक्टर बी नै, दुकानवाली बी नै, तो फिर है कौन तू?" मी अडखळले. तू दारात उभी राहून ऐकत होतीस. घरात आल्यावर म्हणालीस, "खालाचा सवाल बराबर हाय. तिन्ही भाषेत सांगता आलं तर कळलंय म्हणायचं. एकाच भाषेत येतंय त्ये नुसतं पाठ झालंय." दुसऱ्या दिवशी मी खालाकडं पुन्हा गेले आणि म्हणाले की डोळा काय म्हणतोय ते आधी ऐकणारी ती मी, आणि डॉक्टरकडं कधी धाडायचं ते ओळखणारीही मीच. खाला म्हणाली, "हौ, अब समज्या." तुला सांगितलं तेव्हा तू मान डोलावलीस आणि आपल्या वाटणीची चिक्की मला दिलीस.

नीटच्या प्रश्नावरून आपलं पहिलं भांडण झालं. त्यांनी विचारलं की डॉक्टरकीला लागले नाहीत म्हणून इकडं आलात का, तर काय सांगायचं? मी म्हणाले, नाही म्हणायचं. तू म्हणालीस, व्हय म्हणायचं. "अक्का, मग मला कोण घेईल?" तू म्हणालीस, "आदी खरं सांग. त्याच्यापुढचंबी खरं असंल तर त्येबी सांग. खऱ्याचं एक बरं असतंय, ध्यानात ठेवावं लागत न्हाई."

दुसरं भांडण मोठं. तू विचारलंस, "हाच कोर्स कामून?" मी या प्रश्नाची मनापासून तयारी केली होती. पाठ केलेलं नव्हतं, खरं होतं. माझ्या आत्याचे डोळे हळूहळू चालले होते, आम्हाला घरात कुणाला कळलं नाही, आणि कलबुर्गीतल्या एका मुलीनं ते ओळखलं. वाटलं, आता तुझे डोळे भरतील.

तू खुर्चीतून उठलीस. "साकु."

"काय झालं?"

"माजे डोळे नेऊन त्या टेबलावर मांडू नको."

"पन खरं हाय की अक्का."

"खरं हाय, पन माजं हाय. ती माजी साक्ष. माज्यावर काय आलं ते मी सांगीन, सांगावं वाटलं तर. मला गरीब बिचारी करून तू आत जानार हायस व्हय? तुला काय दिसलं त्ये सांग."

मी पण रागावले. म्हणाले, तुला लाज वाटतेय, म्हणून तू नको म्हणायलीस. तू आत निघून गेलीस. संध्याकाळी जेवताना दोघींच्या मध्ये अप्पा बसले होते आणि ते बिचारे एकदा तुझ्याकडं, एकदा माझ्याकडं बघत भाकरी खात होते.

पण दोन-तीन दिवसांनी तूच वाट काढलीस. कलबुर्गीला तुझी पुढची तपासणी होती. तिथं त्या मुलीला तू सरळ विचारलंस की माझ्या भाचीला हे काम जवळून बघायचंय, कुठं बघायला मिळेल. ती म्हणाली, निर्णा गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे, तिथं नावं लिहून घ्यायला माणसं लागतात. तू मला पाठवलंस. जाताना एवढंच म्हणालीस, "तितं माजा इचार करू नको. डोळे उघडे ठेव."

त्या शिबिरात हैदराबादहून आलेल्या एक मॅडम होत्या. त्यांना कन्नड येत नव्हतं आणि मराठीही. दुपारी त्यांच्यापुढं एक म्हातारी बसली, महाराष्ट्रातून लग्न होऊन निर्ण्यात आलेली. मॅडमनी तिच्या डोळ्यांवर भिंगं बसवायची गोल जड चौकट चढवली, भिंगं बदलत राहिल्या आणि हिंदीत विचारत राहिल्या, हे चांगलं की ते? म्हातारी प्रत्येक भिंगाला म्हणायची, "अच्छा हाय, अच्छा हाय." पहिलं चांगलं, दुसरंही चांगलं, काढून टाकलेलंही चांगलं. मॅडम थकून गेल्या. मी नावं लिहायची सोडून जवळ गेले.

"आजी, सगळंच बरं कसं असंल?"

आजी माझ्याकडं तोंड करून हळूच म्हणाली, "एवढ्या लांबून आलीय बिचारी. तिला वाईट कामून म्हणू?"

अक्का, मी त्या क्षणी काय केलं ते मी तुला नंतर कितीतरी वेळा सांगितलं, आता परत सांगते. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "आजी, तिचं मन राखू नका. ह्यात चूक-बरोबर काय न्हाई. तुमच्या डोळ्याला काय बरं वाटतंय तेवढंच सांगा. आज तुमी म्हनाल तसं." तिला असं बहुतेक कुणी म्हणालं नसावं. आजी म्हणाली, "मग ह्ये काढ की बाई. मगाचंच बरं व्हतं." मॅडमनी मगाचं भिंग घातलं. आजीनं समोरच्या भिंतीकडं बघितलं, मग दाराबाहेर बघितलं आणि आपल्या सुनेला हाक मारून म्हणाली, "आगं, तुज्या साडीला बुट्टे हायेत की गं!"

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू एकदाही हात वर केला नाहीस. ते तू मला परत सांगायला लावलंस, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत. इंग्रजीत मी दोनदा चुकले. तू चुका काढल्या नाहीस. शेवटी म्हणालीस, "ह्ये तुजं." आणि उठून आईला म्हणालीस, हिला आता मुलाखतीचा ड्रेस शिवायला टाक.

मुलाखतीला अप्पा येणार होते, पण पेरणीच्या तोंडावर दुकान सोडता येईना. तू म्हणालीस, मी जाते. आई घाबरली. तुला बाजूचं दिसत नाही, हैदराबादची गर्दी, कुणी कुणाला सांभाळायचं? तू म्हणालीस, "तिनं मला सांभाळायचं. त्येच शिकायला चाललीय न्हवं?" झहीराबाद येईपर्यंत तू बसमध्ये एकही प्रश्न विचारला नाहीस. माझी उजळणी चाललेली बघून फक्त धपाट्याचा डबा उघडून पुढं केलास. मला घास गिळवत नव्हता. "उपाशी साक्षीदार लवकर फुटतोय," म्हणालीस. मी खाल्लं.

आत तिघं होते. मधे एक पिकल्या केसांच्या मॅडम. पहिलाच प्रश्न नीटचा. मी हो म्हणाले, दिली होती, लागले नाही. "म्हणजे आम्ही तुमची दुसरी पसंती?" मी म्हणाले, "तेव्हा मला हे काम माहीतच नव्हतं. आता बघितलंय." एका सरांनी विचारलं, एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही म्हणतात, मग एकच डोळा असलेली माणसं गाडी कशी चालवतात? मला येत नव्हतं. मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, अंदाज करा. मी म्हणाले, सवयीनं शिकत असतील, पण हा अंदाज आहे. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग त्या मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरात कुणाला डोळ्यांचा आजार आहे?"

बघ अक्का, सगळी तयारी करून घेतलीस, पण हा प्रश्न सरळ समोरून येईल हे तुला तरी कुठं सुचलं होतं? विचारलं तेवढं तर सांगायलाच हवं. मी म्हणाले, "हो. माझ्या आत्याला काचबिंदू आहे." आणि थांबले. त्या वाट बघत होत्या. मी बोलत नाही बघून त्यांनी विचारलं, "म्हणून तुम्ही इकडं आलात?"

"सुरुवात तिथून झाली," मी म्हणाले. "पण ती गोष्ट तिची आहे, सांगायची तर तीच सांगेल. मी काय बघितलं ते सांगू का?" आणि निर्ण्याची आजी सांगितली. माझं इंग्रजी मधेच तुटलं, साडीच्या बुट्ट्यांना काय म्हणतात ते आठवेना, मी बोटानं हवेत ठिपके काढून दाखवले. तिघंही हसले.

तिथून मला कागद तपासायला ऑफिसात पाठवलं. तिथं बराच वेळ गेला. परत आले तर व्हरांड्यातल्या बाकावर तू बसलेली, आणि तुझ्या शेजारी त्या पिकल्या केसांच्या मॅडम, हातात चहाचा कप. त्या चहासाठी बाहेर आल्या होत्या आणि मान वळवून वळवून बघणारी तू माझी आत्याच, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आणि तू? महिनाभर माझ्या तोंडाला कुलूप लावणारी तू, कोर्टातल्या इंग्रजीत त्यांना पहिल्यापासून सगळं सांगत होतीस. दारं, पायऱ्या, बंद मूठ, फुंकर, सगळं.

सीट मिळाली. आणि आपला वाद सुरू झाला. मी म्हणायची, तुझ्या साक्षीवर मिळाली. तू म्हणायचीस, "तिनं मार्क आदीच लिवले व्हते. मग ती भायेर आली." मी विचारायची, तुला काय माहीत, तुला बाजूचं दिसत नाही. तू म्हणायचीस, कोर्ट उठलं.

पण त्या दिवसाची एक गोष्ट मी तुला कधीच बोलले नाही. मी लगेच पुढं आले नव्हते, खांबापाशी थांबले होते. तू मॅडमना म्हणालीस, "आय वॉज अफ्रेड, मॅडम. एव्हरी डे." मराठीत हे वाक्य तू आमच्या घरात कधी उच्चारलं नाहीस. मला वाटलं होतं तुला लाज वाटत होती. तुला भीती वाटत होती, आणि ती तू एका परक्या बाईला, परक्या भाषेत सांगितलीस, कारण तिला ऐकायची सवय होती. गेली दोन वर्षं मी क्लिनिकला बसतेय. तपासून झाल्यावरही मी लगेच पुढच्या माणसाला हाक मारत नाही. जरा थांबते. पुष्कळ जण तेव्हाच बोलतात. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. तुला सांगायला हवं होतं. वाटायचं, ऐकलं होतं म्हणाले तर तू खट्टू होशील.

सुट्टीत आले की मी तुझ्यावर सराव करायची. तू मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचीस. "बघते तुला धरता येतंय का." आणि मी धरलं की किती खूश व्हायचीस. थेंब तू एकदाही चुकवले नाहीस, हट्टी माणसाचा एवढा फायदा असतो. जेवढं दिसणं त्या दिवशी कलबुर्गीत उरलं होतं, तेवढं शेवटपर्यंत राहिलं. गेलीस त्या सकाळीही पेपर वाचून झाला होता, असं आई म्हणाली. चहा पिऊन छातीत दुखतंय म्हणालीस आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंतच सगळं संपलं. मी पोचले तेव्हा तुझा चेहरा इतका निवांत होता की मला तुला हलवून उठवावंसं वाटलं. आभार तू कधी मानू दिले नाहीस. थँक्यू म्हटलं की "परकी हायस व्हय" म्हणायचीस. आता मानते. तू मला आत जाऊ दिलंस ते माझ्या पायांवर.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

काचबिंदू घराण्यात उतरतो, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं, हे मी पहिल्या वर्षापासून अप्पांना सांगत होते आणि तूही मागं लागायचीस. ते दर वेळी दुकानातून रस्त्यापलीकडचा बोर्ड वाचून दाखवायचे. "हे बग, दिसायलंय की." तुझे दिवस झाल्यावर मी हैदराबादला परत निघाले तेव्हा अप्पा स्टँडवर सोडायला आले. माझी पिशवी वर ठेवायला म्हणून गाडीत चढले आणि शेजारच्या सीटवर बसले.

"अप्पा, गाडी सुटायली. उतरा."

"सुटू दे. माजंबी तिकीट काढ."

दुसऱ्या दिवशी आमच्या क्लिनिकच्या मॅडमनी त्यांना तपासलं, मग डॉक्टरांनी. दाब जास्त निघाला. डोळ्याच्या नसेवर नुकतीच सुरुवात दिसतेय, पण बाजूचं दिसणं सगळं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. आजपासून थेंब सुरू केले की बहुतेक आयुष्यभर निभेल. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, थेंबांची बाटली शर्टाच्या खिशात घातली आणि व्हरांड्यात येऊन बसले. चेहरा मोकळा झाला होता. मी पाणी आणून दिलं. पाणी प्यायले, खिशातून फोन काढला आणि नंबर शोधत म्हणाले, "थांब, आदी अक्काला सांगतो."

मग त्यांचा अंगठा तसाच थांबला. आम्ही दोघंही त्या फोनकडं बघत राहिलो.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "मी सांगते, अप्पा."

अक्का, अप्पांचं वेळेत सापडलं.